किटली, आधण आणि विजेचा दाब : पाचगणीच्या संदर्भात एक विवेचन

एखादे उपकरण एका समाजात घरोघर रूढ होते आणि दुसऱ्या समाजात मात्र पाहुण्यासारखे वावरते, असे का घडते, हा प्रश्न जितका तंत्रज्ञाचा तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. विजेची किटली हे याचे बोलके उदाहरण होय. ब्रिटनमध्ये ती स्वयंपाकघरातील नित्याची वस्तू आहे. अमेरिकेत तिचा प्रसार त्या मानाने पुष्कळच कमी आहे. या भेदाची उपपत्ती सामान्यतः विजेच्या दाबावरून लावली जाते. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची, ब्रिटनमधील २३० व्होल्टची. म्हणून अमेरिकेत किटली मंद चालते आणि लोक तिच्या वाटेस जात नाहीत, असा हा युक्तिवाद आहे.

हीच उपपत्ती महाराष्ट्रास लावून पाहिली असता ती अपुरी पडते. महाराष्ट्रातील घरगुती विजेचा दाब ब्रिटनइतकाच, म्हणजे २३० व्होल्ट आहे. चहाची आवडही येथे काही कमी नाही. तरीही मराठी घरातला चहा बहुतकरून गॅसच्या शेगडीवरच होतो. तेव्हा दाबाखेरीज आणखी कोणत्या गोष्टी येथे निर्णायक ठरतात, हे तपासणे अगत्याचे आहे.

या तपासणीस सातारा जिल्ह्यातील पाचगणी हे गाव विशेष सोयीचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरील या गावाचा हवापालटाचे ठिकाण म्हणून विकास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाच्या पुढाकाराने झाला. पुढे किमिन्स, सेंट पीटर्स यांसारख्या निवासी शाळा येथे निघाल्या. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम स्थापन केले. पारशी कुटुंबांचा येथील वावर जुना असून 'पारसी पॉइंट' या नावात तो टिकून आहे. इंग्रजी रीतीचा चहा, पारशी रीतीचा चहा आणि घाटमाथ्यावरील मराठी घरातला चहा या तीनही रीती येथे शेजारी शेजारी नांदत आल्या. थंडी व पाऊस यांमुळे उष्ण पेयाची गरज येथे सदाचीच. शिवाय उंचीमुळे पाण्याच्या उकळण्याचाही एक स्वतंत्र प्रश्न येथे उद्भवतो.

१. दाब, प्रवाह आणि तार

किटलीचे कार्य समजण्यास सोपे आहे. तिच्या तळाशी रोधक तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रवाह गेला की ते तापते आणि ती उष्णता पाण्यास मिळते. वेटोळ्याचा रोध जवळजवळ स्थिर असल्यामुळे दर सेकंदास मिळणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब थोडा घटला तरी उष्णता बरीच घटते, ती यामुळेच.

२० अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ३३५ किलोजूल उष्णता लागते. ब्रिटनमध्ये १९४७ च्या मानकानुसार रूढ झालेली चौकोनी टोकांची पिन १३ ॲम्पिअर प्रवाह वाहू शकते. त्यामुळे तेथील किटली ३,००० वॅटपर्यंतची असू शकते आणि हे पाणी दोन मिनिटांच्या आत उकळते. अमेरिकेतील नेहमीची जोडणी १५ ॲम्पिअरची. तिची कमाल मर्यादा १,८०० वॅट आणि किटल्या बहुधा १,५०० वॅटच्या. तेथे याच पाण्यास पावणेचार मिनिटे लागतात. (पात्र तापण्यात व हवेत जाणारी उष्णता या आकड्यांत धरलेली नाही, प्रत्यक्षात वेळ याहून थोडा अधिक लागतो.)

भारतात दाब ब्रिटनचा असला तरी जोडणी निराळी आहे. आपल्याकडे दोन प्रकारच्या जोडण्या असतात : लहान पिनेची ६ ॲम्पिअरची आणि जाड पिनेची १६ ॲम्पिअरची. जुन्या वायरिंगमध्ये हेच आकडे ५ व १५ असे होते. लहान जोडणीतून २३० व्होल्टवर फार तर १,३८० वॅट घेता येतात. बाजारात सर्रास मिळणारी १,५०० वॅटची किटली पूर्ण दाबावर साडेसहा ॲम्पिअर प्रवाह ओढते, म्हणजे लहान जोडणीची मर्यादा ती किंचित ओलांडते. तिची खरी जागा जाड पिनेच्या जोडणीत आहे आणि ही जोडणी जुन्या घरात एखाद-दुसरीच असते, तीही पुष्कळदा न्हाणीघरातील गीझरसाठी.

असे का व्हावे, याचे उत्तर बोलीत सापडते. मराठीत विजेला 'लाइट' म्हणतात. 'लाइट गेली', 'लाइट आली', 'लाइटचे बिल' या प्रयोगांत दिवा अभिप्रेत नसतो. वीज हाच अर्थ असतो. दुपारी बारा वाजता पंखा थांबला तरी 'लाइट गेली' असेच म्हटले जाते. वीज घरात प्रथम दिव्याच्या रूपाने आली, याची ही भाषिक नोंद होय. उष्णता देणाऱ्या उपकरणांसाठी मात्र 'पॉवर' हा वेगळा शब्द आला आणि जाड पिनेच्या जोडणीस 'पॉवरचा पॉइंट' हे नाव पडले. अनेक शहरांत एके काळी दिवे-पंख्यांची वीज आणि उष्णतेच्या उपकरणांची वीज यांचे दरही निरनिराळे होते. भिंतीतील तारेची जाडी आणि तोंडातील शब्द या दोन्ही ठिकाणी एकच इतिहास साठलेला आहे : प्रकाश विजेकडे गेला, उष्णता मात्र चूल, स्टोव्ह व गॅस यांच्याकडेच राहिली.

आता दाबाच्या चढउताराकडे वळू. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी घरगुती पुरवठ्याच्या दाबात सहा टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य केला होता. दाब सहा टक्क्यांनी घटून २१६ व्होल्ट झाला, तर १,५०० वॅटच्या किटलीची शक्ती सुमारे १,३२५ वॅटवर येते. दाबातील सहा टक्के घट शक्तीत बारा टक्के होते, ती वर्गाच्या नियमामुळे. लांब वाहिनीच्या टोकाशी, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी दाब याहूनही खाली जाऊ शकतो. तो १८० व्होल्ट झाला असे धरले, तर शक्ती ९२० वॅटच्या आसपास उरते आणि पाणी उकळण्यास दीडपटीहून अधिक वेळ लागतो. अशा वेळी वीज वाचते असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. पाण्यास हवी असलेली उष्णता तेवढीच राहते. उलट वेळ लांबल्यामुळे पात्राच्या अंगातून अधिक उष्णता निसटते. मात्र कमी दाबाने शीतकपाटाच्या मोटारीस जसा अपाय होतो तसा किटलीस होत नाही. ती केवळ संथ होते.

२. उंची आणि उकळी

पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर अवलंबून असतो. मुंबईस तो १०० अंश असतो. पसरणी घाटाच्या पायथ्याशी वाईस तो साडेसत्त्याण्णव अंशांच्या जवळ येतो आणि घाट चढून पाचगणीस पोहोचेपर्यंत साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास उतरतो. एक लिटर पाण्यास येथे सुमारे ३१६ किलोजूल पुरतात. १,५०० वॅटच्या किटलीचे बारा-तेरा सेकंद वाचतात. म्हणजे पाचगणीची उंची किटलीस जे देते, ते दाबातील अल्पशी घटही हिरावून घेते.

येथे एक शंका उपस्थित होते. पाणी १०० अंशांस पोहोचतच नसेल, तर आपोआप बंद होणारी किटली बंद कशी होते? याचे उत्तर किटलीच्या रचनेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बनलेल्या पहिल्या किटल्यांत तापणारा भाग पाण्याबाहेर असे व त्या फार मंद असत. १९२२ मध्ये ब्रिटनमधील आर्थर लेस्ली लार्ज यांनी तो पाण्यात बुडविण्याची युक्ती काढली. १९५५ मध्ये रसेल हॉब्ज या संस्थेची आपोआप बंद होणारी किटली आली. तिच्यातील दोन धातूंची जोडपट्टी वाफेच्या स्पर्शाने वाकते आणि प्रवाह तोडते. पाणी कोणत्याही अंशास उकळो, जोराची वाफ सुटली की खटका पडतो. म्हणून हे उपकरण समुद्रकाठी चालते तसेच घाटमाथ्यावरही चालते. झाकण उघडे राहिले तर मात्र वाफ पट्टीपर्यंत पोहोचत नाही आणि किटली बंद होत नाही.

उंचीचा दुसरा प्रश्न आरोग्याचा आहे आणि लहान मुले व रुग्ण जेथे मोठ्या संख्येने राहतात तेथे तो गौण मानता येत नाही. येथे पाणी 'पुरते' उकळत नाही, तेव्हा ते पिण्यास निर्धोक होते काय? होते. रोग उत्पन्न करणारे जंतू ७० अंशांच्या वर गेलेल्या पाण्यात झपाट्याने नष्ट होऊ लागतात. खळखळून उकळलेले पाणी निवत असताना बराच वेळ त्या मर्यादेच्या वर राहते. दोन हजार मीटरपर्यंतच्या उंचीवर एक मिनिटाची खळखळती उकळी पुरेशी मानली जाते. त्याहून उंच ठिकाणी ती तीन मिनिटांपर्यंत लांबवावी, असे सांगितले जाते. पाचगणी या मर्यादेच्या बरीच आत आहे. मात्र खटका पडताच किटलीतले पाणी थंड पाण्यात मिसळून पिणे हे या हिशेबात बसत नाही. ते झाकून आपोआप निवू द्यावे.

३. चहाची कृती

दाब, तार व उंची यांचा विचार केल्यानंतरही मूळ प्रश्न शिल्लक राहतो. जाड पिनेची जोडणी ओट्याजवळ असली, दाब पुरेसा असला, तरी मराठी घरात किटलीत चहा का होत नाही? त्याचे कारण चहाच्या कृतीत आहे.

इंग्रजी रीतीत उकळते पाणी पानांवर ओततात, झाकून मुरू देतात आणि दूध वरून घालतात. या रीतीत उष्णतेचे काम पाणी उकळताच संपते. मराठी घरातील रूढ रीतीत पाणी, साखर, पूड व दूध ही एकत्र येऊन उकळतात. आले, वेलची वा गवती चहा हीही त्याच उकळीत जातात. पाचगणीच्या पारशी घरांतील चहात फुदिना व गवती चहा यांना मान असतो. तेथेही वनस्पतींचा अर्क उकळूनच काढावा लागतो.

ही रीत फार जुनी नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग आला आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्ध केल्यामुळे प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले, हे सर्वश्रुत आहे. तेथे वादाचा विषय चहाची कृती नव्हती. तो कोणाच्या हातचा, हा होता. चहा घरोघर पोहोचला तो विसाव्या शतकात. चहाच्या प्रचारासाठी स्थापन झालेली मंडळे १९३० नंतरच्या दशकात शिकवीत होती ती पानांवर पाणी ओतण्याची रीत. लोकांनी चहा घेतला, रीत मात्र स्वतःची ठेवली. त्याच दशकाच्या प्रारंभी आसामात पाने चिरडून, फाडून, वळून दाणेदार करणारे यंत्र निघाले. या दाण्यांतून रंग व कस लवकर उतरतो आणि दुधातही तो टिकतो. स्वातंत्र्योत्तर काळात हा स्वस्त दाणेदार चहा पसरला, तसा उकळलेला दुधाळ चहा अधिक दृढ झाला.

विजेच्या किटलीस हे काम जमत नाही. दुधातील प्रथिने तापलेल्या तळावर चिकटून करपतात. मराठीत यालाच दूध 'खाली लागणे' म्हणतात. दुधावरील साय व फेस वाफ अडवतात, त्यामुळे खटका पडण्याआधीच दूध उतू जाते. शेगडीवर आच मंद करून हे टाळता येते. साध्या किटलीला मात्र चालू आणि बंद या दोनच अवस्था ठाऊक असतात. काढ्याच्या बाबतीत हा भेद आणखी स्पष्ट होतो. सुंठ-तुळशीचा काढा पाणी आटवून करावयाचा असतो. 'अष्टमांश काढा' म्हणजे आठव्या हिश्शापर्यंत आटविलेला. किटलीचे काम जेथे संपते, तेथे काढ्याचे काम सुरू होते.

या भेदाचे मोठ्या प्रमाणावरील दर्शन वीजपुरवठ्याच्या आलेखात घडते. ४ जुलै १९९० रोजी इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांच्यातील विश्वचषक फुटबॉलचा उपांत्य सामना संपताच ब्रिटनमध्ये विजेची मागणी एकाएकी सुमारे २,८०० मेगावॅटने वाढली. दूरदर्शन संचापुढून उठलेल्या लोकांनी एकाच वेळी किटल्या लावल्या, हे त्याचे एक मुख्य कारण. सातारा जिल्ह्यात पाणी साठवून वीज देणाऱ्या कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चहाच्या वेळेचा भार ध्यानात येईल. महाराष्ट्रात क्रिकेटचा सामना संपल्यावरही चहा होतो. पण त्याचा भार वीजकेंद्रावर पडत नाही, तो गॅसच्या टाकीवर पडतो.

४. शब्दांची साक्ष

कृतीतील हा भेद भाषेत नेमका उमटलेला आहे. इंग्रजीत 'केटल' म्हणजे पाणी तापविण्याचे भांडे; तयार चहाचे भांडे वेगळे. मराठीने हा शब्द 'किटली' या रूपात घेतला, पण त्याचा अर्थ पालटला. मराठी किटलीत तयार चहा असतो. चहाच्या दुकानातील पोऱ्या जी घेऊन फिरतो, ती किटली होय. 'चहापेक्षा किटली गरम' ही म्हण या अर्थावरच उभी आहे. किटलीत नुसते पाणी असते तर ती संभवलीच नसती. म्हणूनच विजेचे भांडे बाजारात आले, तेव्हा त्यास 'इलेक्ट्रिक' हे विशेषण लावावे लागले. कित्येक जण ते टाळून 'केटल' असा मूळ उच्चार नव्याने घेतात. एकच शब्द दोनदा, दोन रूपांत व दोन अर्थांनी उसना घेतला गेला, असे हे उदाहरण आहे.

क्रियापदेही पाहण्यासारखी आहेत. आधण 'ठेवतात', चहा 'ठेवतात' किंवा 'टाकतात'. 'ठेवणे' या क्रियापदात शेगडी गृहीत आहे. विजेची वस्तू मात्र 'लावतात' : पंखा लावणे, गीझर लावणे, तसेच किटली लावणे. 'चहा ठेव' या आज्ञेचे पालन किटलीने होत नाही. किटली लावली तरी चहा 'करावयाचा' राहतोच. 'आधण' हा शब्द याहून अर्थपूर्ण आहे. हिंदीतील 'अदहन' त्याचाच सजातीय. आधण म्हणजे काही तरी शिजविण्यासाठी उकळत ठेवलेले पाणी. त्यात तांदूळ वैरावयाचे असतात किंवा पूड टाकावयाची असते. ते मधला टप्पा आहे. किटलीतले पाणी हे मात्र तयार वस्तू आहे. ते दुसऱ्या भांड्यात ओतण्यासाठीच उकळलेले असते. त्यामुळे त्यास आधण म्हणण्याकडे मराठी भाषकाचा कल होत नाही. तो 'गरम पाणी' म्हणतो. 'क्वथ्' या धातूपासून आलेले 'कढणे', 'कढत' व 'काढा' हे शब्दही आटण्याच्या, मुरण्याच्या दीर्घ क्रियेकडेच बोट दाखवितात.

५. किटलीची खरी जागा

मग मराठी मुलखात विजेची किटली कोठे रुजते? जेथे शेगडी नाही, तेथे. हॉटेलातील खोली, वसतिगृह, रुग्णाची खोली ही ती ठिकाणे. आणि पाचगणीस ती तीनही आहेत. हॉटेलातील किटलीशेजारी चहाच्या पुड्या व दुधाची भुकटी ठेवलेली असते. यजमान नसताना पाहुण्याने स्वतः करून घ्यावयाचा हा चहा इंग्रजी रीतीचा असतो, कारण उपकरणास दुसरी रीत ठाऊकच नाही. तो फिका लागला म्हणून विजेच्या दाबास किंवा गावाच्या उंचीस दोष देणे न्याय्य नव्हे. साडेपंच्याण्णव अंशांच्या पाण्यात पूड नीट मुरते. काही क्षण अधिक द्यावे लागतात इतकेच. उणीव असते ती दुधासह येणाऱ्या उकळीची.

अशा ठिकाणी तारेचा विचार मात्र कटाक्षाने व्हावयास हवा. एका लहान जोडणीवर बहुमुखी पट्टी लावून दोन किटल्या चालविल्या, तर १३ ॲम्पिअरचा प्रवाह ६ ॲम्पिअरसाठी बसविलेल्या जोडणीतून जातो. तार तापते, तिचे आवरण मऊ होते आणि आग लागू शकते. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी जाड तार घालणे म्हणजे पहारेकऱ्यालाच दूर करणे होय. पावसाळ्यात भिंती ओलावतात. त्या दिवसांत भूमिजोडणीची तिसरी पिन हीच वापरणाऱ्याच्या जिवाची हमी असते. वसतिगृहांत खोलीतील किटलीस मनाई असते, ती या कारणांमुळे. तिला केवळ शिस्तीचा जाच समजणे योग्य होणार नाही.

सारांश, विजेच्या किटलीचे भवितव्य तीन ठिकाणी ठरते : दाबात, तारेत आणि चहाच्या कृतीत. अमेरिकेचे उदाहरण पहिल्याने बऱ्याच अंशी उलगडते. महाराष्ट्रात पहिले अनुकूल, दुसरे अर्धवट अनुकूल आणि तिसरे प्रतिकूल आहे. तारा बदलता येतात, नव्या घरांत त्या बदलतही आहेत. कृती मात्र तारेबरोबर बदलत नाही. ती बदलू लागली तर त्याची पहिली खूण क्रियापदात दिसेल. 'चहा ठेव' ऐवजी 'चहा लाव' असे कोणी सहज बोलू लागते काय, हे घाटावरील व शहरांतील बोलींच्या पाहणीत नोंदविण्याजोगे आहे. वस्तूंच्या प्रसाराचा अभ्यास करणाऱ्याने वीजमापकाबरोबरच घरातील बोलणेही टिपून ठेवावे, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते.